तिखट पानगे

डोंगर जिथे संपतो आणि सपाट शेते सुरू होतात, अशा ठिकाणी चाळीस घरांचे एक गाव होते. त्या गावात गोजरा नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा नाथा विहिरींचे दगडी बांधकाम करायचा. गावची विहीर बांधायला म्हणून दोघे वरच्या डोंगरातून खाली आले. विहिरीला पाणी लागले आणि दोघे तिथेच राहिले. त्याला आता चार वर्षे झाली होती.

गाव चांगले होते. कोणी त्यांना टाकून बोलत नव्हते. तरी एक गोष्ट गोजराला डाचत असे. देवदिवाळीला सारे गाव आमराईत जेवायचे. त्या दिवशी घरोघरच्या बायका झाडांखाली ओळीने चुली मांडायच्या आणि प्रत्येक चुलीवर त्या घरचा एक पदार्थ शिजायचा. कुणाच्या पुरणपोळ्या, कुणाची कटाची आमटी, कुणाची वांग्याची भाजी. त्या ओळीत गोजराची चूल नव्हती. चार वर्षे ती पाहुणीसारखी आली, पाहुणीसारखी जेवली आणि हात धुऊन घरी गेली.

पाचव्या वर्षी, देवदिवाळीला महिना असताना, ती पाटलांच्या घरी गेली. चुलींची ओळ ठकूबाई पाटलीण ठरवायच्या.

"पाटलीणबाई, यंदा मला चूल मांडायचीय."

"मांड की. काय करशील?"

"मक्याचे पानगे. तिखट. डाव्या बाजूला वाढायला."

लोहाराची चंद्रभागा तिथे तांदूळ निवडत बसली होती. तिला हसू आवरले नाही. "मका? अगं, तो आम्ही म्हशींना घालतो."

ठकूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गोडाच्या जेवणाला डावी बाजूच सावरते. कर तू. पण एक सांगून ठेवते. वाढलेलं पानात टाकून लोक उठले, तर त्या घराला पुन्हा चूल नाही. हा नेम माझ्या सासूबाईंचा. तो मला मोडता येत नाही."

गोजरा "बरं" म्हणाली आणि निघाली. अर्ध्या वाटेवर तिला खरी अडचण आठवली. पानगे तिने आयुष्यभर खाल्ले होते, पण केले एकदाही नव्हते. माहेरी आई करायची. मक्याच्या पिठात तिखटमीठ घालायची, पळसाच्या दोन पानांत गोळा दाबायची आणि निखाऱ्यावर ठेवायची. लग्नानंतर या विहिरीवरून त्या विहिरीवर फिरताना भाकरीशिवाय काही झाले नाही. आई तर आता नव्हती. गोजराकडे उरली होती ती फक्त जिभेवरची चव.

"चव आहे ना, मग वाटही सापडेल," असे ती स्वतःशी म्हणाली आणि त्याच दिवशी मका दळायला बसली.

पहिले पानगे हातात घेताच भुगा झाले. दुसऱ्या खेपेला तिने पीठ अगदी बारीक दळले, तर पानगे दाताला चिकटू लागले. तिसऱ्या खेपेला पाने सुकी निघाली आणि जळून गेली. नाथा समोर येईल ते मुकाट्याने खात होता. पाचव्या दिवशी मात्र तो म्हणाला, "निम्मं गव्हाचं पीठ घाल की. छान धरून राहील. मका म्हणून खपून जाईल."

"मग ते पानगे कसले? ती पोळीचीच भावंडं."

"अगं, लोकांनी खाल्लं म्हणजे झालं."

"लोकांनी खायला पाहिजेच," गोजरा म्हणाली. "पण त्यांनी माझ्या आईचे पानगे खायला पाहिजेत."

तिने पुन्हा जाते ओढले. एकेक गोष्ट उमगत गेली. पीठ जरा भरड हवे. पाणी उकळते हवे, म्हणजे मका धरून राहतो. ताक आंबट हवे, आणि पीठ त्यात चार तास मुरायला हवे. हिरवी मिरची, लसूण, ओवा, तीळ आणि मूठभर कोथिंबीर. पाने त्याच दिवशी तोडलेली हवीत. सगळ्यांत मोठी गोष्ट तिला शेवटी कळली. पानग्याला जाळ चालत नाही. शेणीचे, म्हणजे गोवऱ्यांचे, निखारे राखेने झाकले जाईपर्यंत थांबायचे, खाली तो विस्तव, वर गरम राख, आणि मग नुसते बसून राहायचे. घाई केली की बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे पीठ.

सव्विसाव्या दिवशी नाथाने एक पानगा मोडला. वरची कड कुरकुरीत, आत मऊ, आणि पळसाच्या पानाची शीर न् शीर त्यावर उठलेली. त्याने तो खाल्ला आणि लगेच दुसऱ्याकडे हात नेला. गोजरा त्या दिवशी पोटभर जेवली.

देवदिवाळी उजाडली. आमराईत चुली पेटल्या. ओळीच्या टोकाला गोजराने तिची चूल मांडली. घमेलेभर पीठ मुरवून आणले होते. नाथाने पळसाची पाने धुऊन ठेवली होती. पण शेणी पहाटेच्या दवाने ओलावल्या होत्या. त्या धुमसत राहिल्या, पेट धरेनात. इकडे पूजा झाली, आरती झाली, पुरुषांची आणि पाहुण्यांची पहिली पंगत बसू लागली. पंगतीत पाणी वाढून झाले. चंद्रभागेची वांग्याची भाजी पातेल्यातून निघाली.

"गोजरा, आटप गं," कोणीतरी ओळीतून म्हणाले.

गोजराचा धीर सुटला. तिने चुलीत काटक्या घातल्या, फुंकर मारली, आणि भडकलेल्या जाळावरच निम्मे पानगे लावले. महिनाभर जे शिकली ते एका क्षणात विसरली. थोड्या वेळाने तिने वरचे पान सोलले. पानगा काळा पडला होता. मोडून पाहिला, तर आत पिवळे ओले पीठ.

ठकूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिले, पण त्या ओरडल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "असू दे. माझ्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या दोन टोपल्या जास्त आहेत. तूच वाढ, तुझ्या चुलीच्या म्हणून. मी कोणाला बोलायची नाही."

पाटलीणबाई खरेच मायेने बोलत होत्या. पुऱ्या वाढल्या की सगळेच निभत होते. पंगत खूश होणार होती आणि चुलीची जागाही राहणार होती. नाथा तिच्याकडे पाहत होता. तिने हातातल्या कच्च्या पानग्याकडे पाहिले.

"नको, पाटलीणबाई," ती म्हणाली. "पुऱ्या तुमच्या. त्या तुमच्याच नावानं वाढा."

मग ती पदर खोचून पंगतीसमोर जाऊन उभी राहिली. पन्नासेक जणांनी माना वर केल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"माझे पानगे कच्चे राहिले. मी घाई केली. या पंगतीला मला काही वाढता येणार नाही. मला माफ करा."

पंगतीत दोघेतिघे हसले. एक म्हातारा म्हणाला, "राहू दे पोरी, जेवायला काय कमी आहे?" आणि सगळे पुन्हा जेवू लागले. कोणाचे काही अडले नव्हते. गोजराला तेच जास्त लागले.

ती चुलीपाशी परत आली आणि काटक्या ओढून विझवल्या. उरलेल्या शेणी उन्हात उलटसुलट करून वाळवल्या, मग चुलीत रचल्या.

"आता कशाला?" चंद्रभागा म्हणाली. "झालं ते झालं. चल, वाढायला हात लाव."

"निम्मं पीठ आहे अजून. बायकांची पंगत व्हायचीय."

"आणि तीही उठून गेली तर?"

"तर मग घरी नेईन. पण या खेपेला कच्चे नेणार नाही."

शेणी पेटल्या. त्यांचा जाळ झाला आणि जाळ बसला. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत गोजरा हलली नाही. कोणी काय म्हणते ते तिला ऐकूही येत नव्हते. मग तिने पाने मांडली, त्यांत गोळे दाबले, वरून पाने ठेवली, त्यांवर गरम राख ओढली आणि मांडी घालून बसली. पहिली पंगत उठली. उष्टी निघाली. आमराईत जळक्या पानाचा आणि भाजक्या लसणीचा वास पसरू लागला.

दुसरी पंगत बायकांची. पहाटेपासून चुलीशी वाकलेल्या, पुरणाच्या वासानेच अर्ध्या जेवलेल्या बायका. गोड समोर होते, पण घास उतरत नव्हता. गोजरा पाटी घेऊन निघाली आणि प्रत्येकीच्या पानात डावीकडे अर्धा अर्धा पानगा ठेवत गेली. वाढून झाल्यावर ती खाली बसली नाही. झाडाला टेकून उभी राहिली.

चंद्रभागेने तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला, खाल्ला. पुन्हा मोडला. शेजारणीने तिला काही विचारले, तर तिने हातानेच थांब म्हटले. ओळीत बोलणे कमी होत गेले. मग कोणीतरी विचारले, "गोजरा, आहे का गं आणखी?" मग दुसरीने विचारले. तेवढ्यात पहिल्या पंगतीतले दोघे सुपारी चघळत वासाच्या मागाने आले.

"संपले," गोजरा म्हणाली. हे सांगताना तिला हसू आले.

बायका उठल्या. ठकूबाई ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाने पाहत गेल्या. एकाही पानाच्या डाव्या बाजूला तुकडा नव्हता. त्या गोजराच्या चुलीपाशी आल्या आणि निखाऱ्यांवर हात शेकू लागल्या.

"तुझ्या विस्तवाला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या आधी तू चूल पेटव."

पुढच्या देवदिवाळीला तसेच झाले. कोरड्या शेणी पोत्यात बांधून गोजरा सगळ्यांच्या आधी आमराईत आली आणि तिने चूल पेटवली. मागून बाकीच्या बायका आल्या. मग वेगळा जाळ कोण करत बसणार? प्रत्येकीने गोजराच्या चुलीतला एकेक निखारा उचलून नेला आणि त्यावर आपापली चूल पेटवली.

तात्पर्य: उसन्या पदार्थावर एक वेळ निभते; पण चूक कबूल करून, पुन्हा बसून, आपल्या हातचे नीट केले तरच चार लोकांत आपली जागा होते.