मिशीवरचा रंग

खाडीकाठच्या एका गावात हिराजी नावाचा एक कसबी कारागीर होता. होड्यांचा जुना रंग खरवडायचा, हे त्याचं काम. खरवडताना अशी धूळ उडायची की समोरचा माणूस दिसू नये. आणि तो रंग विषारी! पण त्या गावची तऱ्हाच न्यारी. काम संपलं की ज्याच्या मिशीवर जास्त रंग, त्याला चहाचा पहिला पेला. तोंडाला कुणी फडकं बांधलंच, तर बाकीचे खिदळायचे, "काय रे, नवरी झालास काय?"

वीस वर्षं पहिला पेला हिराजीचाच. मग त्याला खोकला लागला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून चांगलंच खडसावलं, "ही धूळ फुप्फुसात जाऊन बसते. फडक्याने भागायचं नाही, फिल्टरचा मास्क लाव."

हिराजीने मास्क घेतला खरा, पण चारचौघांत लावायची लाज! होडीच्या पोटात तो एकटाच असायचा, तिथे गुपचूप लावायचा. बाहेर येताना मास्क पिशवीत आणि चिमूटभर धूळ मिशीवर. पेला त्याचाच राहिला. खोकलाही उतरला.

ते बघून बुधाजी या त्याच्या धाकट्या सोबत्याला चेव चढला. "हिराजीदादाला काही होत नाही, मग मला काय धाड भरलीय?" म्हणत तो दिवसदिवस उघड्या तोंडाने धूळ खात राहिला. हिराजीला हे दिसत होतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत त्याने दोन वर्षं काढली.

एके दुपारी बुधाजी होडीतून उतरला आणि वाळूत बसलाच. श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. हिराजीने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बुधाजी धापा टाकत म्हणाला, "दादा, तुझी छाती देवाने वेगळीच घडवलीय."

हिराजी गप्प बसला असता, तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याने पिशवीतला मास्क काढून सगळ्यांपुढे धरला. "नाही रे बाबा. माझी छाती तुझ्यासारखीच आहे. मी आत हा लावत होतो. मिशीला रंग हाताने फासत होतो."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले. बुधाजी वाचला, पण पुन्हा होडीवर चढला नाही. हिराजी रोज त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. बुधाजी एकदाच म्हणाला, "दोन वर्षं आधी सांगितलं असतंस, दादा." त्यानंतरही हिराजीने त्या ओट्यावर जाणं सोडलं नाही.

तात्पर्य: ज्याच्याकडे बघून चार माणसं वागतात, त्याने स्वतःची काळजी उघडपणे घ्यावी; लपवलेली सावधगिरी एकट्यालाच वाचवते.