तीन फांद्यांवरचा खोपा

पक्ष्यांतही पहिलं बाळंतपण माहेरी होत असे, तेव्हाची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर एक सुगरण माहेरी आली. तिच्या तीन भावांनी खोप्याचं काम वाटून घेतलं. एक छत विणणार, दुसरा अंड्यांची खोली, तिसरा आत शिरायची नळी. तिघं तीन फांद्यांवर बसले.

सुगरणीचा जीव खालीवर होई. ती रोज म्हणे, "अरे, झालंय तेवढं जोडून तरी बघा!"

"ताई, अर्धवट काम काय जोडायचं? पुरं होऊ दे की!"

कळा सुरू झाल्या तेव्हा भावांनी आपापले तुकडे आणले. छत खोलीवर बसेना. नळी थेट खोलीच्या बंद भिंतीला भिडली.

"माझं काम चोख आहे!" तिघंही एकदम ओरडले.

खालचं पाणी बघत सुगरण कण्हली, "तिघांचंही चोख आहे रे. आता अंडं कुठे घालू, तेवढं सांगा."