जाळ्यातलं दार

त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून हौसानं हळकुंडं वाळत घातली होती. हौसा कोण, ते सांगते. आधी पाय पांघरुणात घ्या.

नदीकाठी भोयांचं एक गाव होतं. तिथं सगळ्यांची जाळी विणून देणारी बाई म्हणजे हौसा. नवरा नव्हता तिला. एकच मुलगा, म्हाळू. तुळशीचं लग्न लागलं की म्हाळूचं लागायचं होतं, म्हणून ती हळकुंडं. ती वाळवायची, उखळात कुटायची आणि त्या हळदीनं नवरदेव पिवळा करायचा.

तर हौसा सुपातली हळकुंडं हातानं परतत होती. तेवढ्यात धाकू नावाडी आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. हा धाकू एरवी लांबूनच ओरडायचा, "वैनी, ताक आहे का?" त्या दिवशी ओरडला नाही.

"काय भावजी, ताक नको आज?" हौसा म्हणाली.

"होडी आली, वैनी. जाळंही आलं."

"आणि म्हाळू?"

धाकूनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

काय झालं होतं, ऐका. हौसा जाळं विणायची ना, तेव्हा त्यात खाली, शिशाच्या मण्यांजवळ, एक भोक मुद्दाम ठेवायची. पंजा जाईल एवढं. तिची सासू ठेवायची, सासूची सासूही ठेवायची. त्याला म्हणायचे आईचं दार. गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, पोट जड झालेली मासळी तळाशी जाते, बरं का, आणि त्या दारातून निघून जाते. ती वाचली तर पुढच्या वर्षी नदीत मासे.

म्हाळू तिला चिडवायचा. "आये, तुझ्या दारातून अर्धा संसार वाहून चाललाय." त्या वर्षी मात्र तो चिडवायला आला नव्हता. म्हणाला, "लग्नात सगळ्या गावाला मासा वाढायचाय. आत्ता धरू, खारवून ठेवू. एवढ्या एका जाळ्याचं दार बंद कर." हौसा नाही म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लग्न तुझ्या पोराचं आहे की शेजाऱ्याचं?" मग हौसानं दार विणून टाकलं. दुहेरी गाठी मारून.

खाडीच्या तोंडाशी त्या जाळ्यात इतके मासे आले की ते उचलेना. तळाच्या जड माशांना जायला वाट नव्हती. दोर म्हाळूच्या मनगटाला गुंडाळलेला. होडी कलली आणि दोरानं त्याला पाण्यात ओढलं. धाकूनं जाळं ओढून काढलं. दोर रिकामा आला, म्हाळू मिळाला नाही.

तेरावं झालं. घरात बसवेना, म्हणून हौसानं तेच जाळं खांद्यावर टाकलं आणि ती नदीच्या कडेनं वर चालत निघाली.

वर तीनपायरी नावाचं गाव होतं. तिथं नदी कातळाच्या तीन पायऱ्यांवरून खाली येते. आश्विनात समुद्रातले मासे त्या पायऱ्या उड्या मारत चढायचे, वरच्या डोहात अंडी घालायला. ते बघायला लांबलांबून माणसं यायची. बापांच्या खांद्यावर पोरं, बायकांच्या हातात भाकरीच्या पुरचुंड्या. मासा वर गेला की टाळ्या, खाली पडला की "अरेरे!"

काठावर तुळसाआत्या नावाची म्हातारी चुरमुरे विकत बसायची. तिनं हौसाच्या खांद्यावरचं जाळं पाहिलं.

"कोण गेलं?"

"पोरगा."

"पाण्यानं नेलेली माणसं या माशांबरोबर चढतात. ओळखशील त्याला?"

"कपाळावर पांढरा वण आहे. लहानपणी विळीवर पडला होता."

"मग तिसऱ्या पायरीखाली धर. जाळं बिनदाराचं हवं. सगळंच्या सगळं काठावर ओढायचं, एकही मासळी सोडायची नाही. मग तो माणूस होऊन उठेल."

"आणि बाकीच्या मासळ्या?"

"मरतील. पोटातलं त्यांच्याबरोबर मरेल. मग खाली तुमच्या नदीत काही उरायचं नाही."

हौसानं खांद्यावरचं जाळं खाली उतरवलं. मग म्हणाली, "तुमचं कुणी चढलं होतं, आत्या?"

"तिघं," म्हातारी म्हणाली. "मी जाळं टाकलं नाही, इथंच बसले होते. चुरमुरे घेतेस का? सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

पहिल्या दिवशी मासे पहिल्या पायरीशी आले. त्यात एक होता, कपाळावर पांढरा. एका उडीत वर गेला. चांदीसारखा होता.

मग दुसऱ्या दिवशी दुसरी पायरी. तो पाच वेळा कातळावर आपटला, सहाव्यांदा चढला. खवले निघाले होते, शेपटी फाटली होती. हौसानं पाण्यात चुरमुरे टाकले. त्यानं खाल्ले नाहीत. चढणारे मासे काही खात नाहीत, बरं का.

मग तिसरा दिवस. हौसानं तिसऱ्या पायरीखाली जाळं टाकलं. जाळं जड झालं. तिनं दोर मनगटाला गुंडाळला आणि ओढलं. जाळ्यात तो होता. त्याच्याभोवती गाभोळीच्या मासळ्या होत्या, एकमेकींवर दाबलेल्या. अंडी गळून जाळ्याच्या दोऱ्यांना चिकटत होती. काठ चार हातांवर राहिला होता.

तेवढ्यात तो पांढऱ्या कपाळाचा मासा तळाशी गेला आणि शिशाच्या मण्यांजवळ त्यानं तोंड आपटलं. मग पुन्हा आपटलं. मग तिसऱ्यांदा. दुसरीकडे कुठे नाही, तिथंच. हौसाला कळलं. तो दार शोधत होता.

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तिनं ते जाळं तोंडाशी धरलं आणि दुहेरी गाठी दातांनी तोडल्या. आधी गाभोळीच्या मासळ्या गेल्या, एकीमागून एक. तो शेवटी गेला. तिच्या हाताला लागून गेला. मग त्यानं उडी घेतली आणि तिसरी पायरी चढला.

काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

वरच्या डोहात मासळ्यांनी अंडी घातली. मग चढून आलेले मासे थकून उताणे झाले, सगळे. तोही झाला. हौसानं त्याला उचललं नाही. त्याचं पाणी होतं, त्यात राहू दिलं.

"आजी, ती रडली का?" असं विचारतेस? रडली असेल गं. गोष्टीत तेवढं सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी नदी माशांनी भरून गेली. हौसा जाळी विणत राहिली, प्रत्येकात दार ठेवत राहिली. गाव पोटभर जेवलं, सुखानं निजलं. तुम्हीही निजा आता. तो कंदील बारीक कर रे.

हळकुंडं? ती सुपातच होती. ती काही तिनं कुटली नाहीत.