उणे पाच की अधिक पाच

सांगा म्हणे. परत सांगा. एकदा सांगून झालं, दोनदा सांगून झालं, आता लिहूनच द्या म्हणे. चौथीत दोनदा बसलेल्या माणसाकडून लिहून घ्यायला ह्या मठात येणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, देव जाणे. बरं, लिहितो. ह्यात बिरू झोरे नावाचा एक म्हातारा येईल. त्याला कुणी हसायचं नाही. एवढी एकच अट.

“...उणे पाच की अधिक पाच? बाबा, तेवढंच सांगा.”

विचारणारा सलील पेंडसे. पुण्याचा. सायकल हाणत खिंडीतल्या मठापर्यंत चढून आलेला. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर कापलेल्या कलिंगडासारखं हेल्मेट.

ज्यांना विचारलं ते भैरूबाबा. चाळीस वर्षं पायी फिरले. देऊळ मिळालं तर देवळात निजले, नाही मिळालं तर झाडाखाली. गुडघे गेले तेव्हा खिंडीत येऊन बसले.

“कसले पाच?” बाबांनी बिरूकडं बघून विचारलं.

बिरू मठात चहा करी. त्यानं चुलीत लाकूड सारलं. त्याचं डोकं मघाशीच फिरलं होतं. ह्या पेंडशानं आल्या आल्या ओट्यावरची काळी घडी उचलली, सायकलची साखळी खसाखसा पुसली आणि घडी होती तिथं ठेवून दिली. ती घडी म्हणजे बिरूचं घोंगडं. लोकर त्याच्या बायकोनं कातलेली. बायको गेली, घोंगडं राहिलं होतं.

“अहो काका, मला वाटलं फडकं आहे,” एवढं बोलून गडी बाबांपुढं जाऊन बसला. माफी नाही, काही नाही.

“डिग्री, बाबा. थंडीची.” सलीलनं कॅरियरवरची दोन गाठोडी सोडून पुढ्यात मांडली. “या दोन स्लीपिंग बॅगा. ही बदकाच्या पिसांची, उणे पाचपर्यंत चालते. पण भिजली की संपली. ही दुसरी साधी, कृत्रिम कापसाची. भिजली तरी ऊब देते, पण अधिक पाचच्या खाली गेलं की काही खरं नाही.”

“मग?”

“ठरत नाही.”

“कधीपासून?”

सलीलनं हेल्मेट काढलं. डोकं खाजवलं.

“तीन वर्षं...”

गोष्ट अशी होती. तीन मित्र आणि हा, सायकलनं रामेश्वरला जायचं ठरलं होतं. पहिल्या वर्षी ह्याची बॅग ठरेना म्हणून बेतच मोडला. दुसऱ्या वर्षी ते तिघं ह्याला सोडून गोव्याला जाऊन आले. आता तिसरं वर्ष. तिघं आज निघाले होते आणि ह्या घडीला घाट चढत होते. ह्या खेपेला आम्ही मठापाशी पोचू तेव्हा तयार असलास तर चल, नसलास तर पुन्हा कधी विचारणार नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

“त्याचं काय आहे बाबा, आकडे दोन असतात,” सलीलला आता रंग चढला. “एक आरामाचा, एक मर्यादेचा. मर्यादेच्या थंडीत माणूस मरत नाही, पण त्याला झोपही लागत नाही.”

“ते तर तुझं घरीच चाललंय की.”

चुलीपाशी बिरूला ठसका लागला.

“चेष्टा नाही बाबा. मी अडीचशे लोकांचे अनुभव वाचलेत. तक्ता केलाय. हा बघा.”

बाबांनी त्याचा फोन घेतला. उलटा धरला. सुलटा धरला. परत दिला.

“ह्याच्यावर निजता येतं?”

“फोनवर? नाही...”

“मग ठेव बाजूला. त्या पिसांच्या पिशवीत शिर.”

“आत्ता? सकाळी दहाला?”

“शिर.”

सलील ओसरीच्या फरशीवर पिशवीत शिरला. झिप हनुवटीपर्यंत ओढली, टोपरं आवळलं. बाहेर राहिलं नाक. मठाचं कुत्रं लांबून बघत होतं, ते उठलं, आलं आणि नाक चाटून गेलं. ह्याचे दोन्ही हात आत.

“कसं वाटतंय?”

“वरून छान आहे...” पिशवीतून आवाज आला. “पाठ गार पडतीये.”

“पिसं हायेत ना?”

“अंगाखालची पिसं दबतात, बाबा. दबली की त्यांच्यात ऊब राहत नाही. सगळ्यांना माहीत असतं हे.”

“मग सगळे काय करतात?”

“खाली चटई घालतात.”

“तुझी कुठाय?”

पिशवीनं अंग चोरलं.

“घरी ठेवली. अर्धा किलो वजन वाचलं...”

बाबांनी त्याच्या पाठीखाली हात सरकवला. इकडंतिकडं चाचपून पाहिलं. हात काढून घेतला. काय लागलं ते सांगितलं नाही.

तेवढ्यात वळणावर घंट्या वाजल्या. तीन सायकली मठापुढं येऊन थांबल्या.

“सल्या! ठरलं का रे?”

“आलो, आलो!” सलीलनं आतून झिप ओढली. झिपेत कापड अडकलं. त्यानं हिसडा दिला, तशी जास्तच अडकली. मग तो सुरवंटासारखा सरपटत ओसरीच्या कडेपर्यंत आला आणि कडेवरून खाली पडला.

त्या तिघांतली एक बाई होती. तिनं सायकलच्या दांड्यावर डोकं टेकलं आणि खदाखदा हसली. हसून झाल्यावर म्हणाली, “एक एक चहा. तेवढाच वेळ. मग आम्ही सुटलो, सल्या.”

झिप सोडवली कुणी? बिरूनं. दातांनी. होते ते चार दात लावून. तरी माफी नाही.

सलील सुटला तो तडक बाबांपुढं. घाम गळतोय, केस उभे.

“आता तरी सांगा! उणे पाच की अधिक पाच?”

बाबा उठले. ओट्यावरचं घोंगडं आणलं. फरशीवर अंथरलं, साखळीच्या तेलाचा काळा पट्टा अगदी वर येईल असं. त्यावर दोन थापा मारल्या.

सलील तणतणत आडवा झाला. “अहो पण वर कुठली घेऊ ते...”

पुढं घोरणं.

चहा पिणारे तिघं कपातून वर बघायला लागले. “उठवू का?” त्यातला एक म्हणाला.

“तीन वर्षांनी निजलाय,” बाबा म्हणाले. “बिरू, ह्यांना आणखी चहा घाल.”

कप रिकामे व्हायच्या आत सलील आपला आपण उठला. डोळे चोळले. काही विचारलं नाही. हाताला लागली ती अधिक पाचवाली पिशवी गुंडाळली, तिच्याभोवती घोंगडं गुंडाळलं आणि दोन्ही कॅरियरला आवळून बांधली. बाबांच्या पाया पडला. जाता जाता बिरूच्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, चहा मस्त होता हं.”

प्यायला नव्हता.

“अरे माझं घोंगडं!” बिरू वळणापर्यंत धावला. चौघं उताराला लागले होते. घंट्या ऐकू आल्या, मग त्याही नाहीत.

“बाबा, त्यानं साखळी पुसली, वर घेऊनही गेला! तुम्ही बघत बसलात!”

बाबांनी मान हलवली. बघत बसले होते हे खरंच होतं.

मागं राहिली पिसांची पिशवी. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बिरू तीच घेऊन ओसरीवर आडवा झाला. ह्या कुशीवर झाला, त्या कुशीवर झाला. उताणा झाला. बडबडला. उठून बसला, परत आडवा झाला. कुत्रं कंटाळून उन्हात गेलं.

“का रे, झोप नाही?” बाबांनी विचारलं.

“टोचतंय, बाबा.”

“काय?”

“काय असणार? खाली काहीच नाही. नुसती फरशी.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून वाकले. बिरूच्या पाठीखाली हात सरकवला. बराच वेळ चाचपत राहिले...

“आहे की,” ते म्हणाले. “सलील पेंडसे.”