जांभूळवनाचा नाच

फार मागे, एका उंच कड्याला मधमाश्यांचं भलंमोठं पोळं लटकलेलं होतं. एका उपाशी वर्षी त्यातली एक माशी डोंगर ओलांडून गेली आणि फुलांनी लगडलेलं जांभूळवन पाहून आली. माश्या वाट सांगतात ती नाचून, तशी तिनेही नाचून सांगितली.

ती मेली, पण नाच उरला. रोज सकाळी सगळं पोळं तो नाचायचं. एखादीची गिरकी जरा चुकली, तर थोरली आत्या तिला फैलावर घ्यायची. नाच झाला की सगळ्या आपापल्या जागी जाऊन बसायच्या.

पुन्हा एका वर्षी फुलं सरली, मध संपत आला. तेव्हा सोनकी नावाच्या माशीने विचारलं, "आत्या, नाचात सांगितलंय तिकडे कधी कुणी गेलंय का गं?"

"जायचं कशाला? बघणारीने बघितलं. आपण नाच जपायचा!"

"अगं, पण तिने सांगितलं ते आपण जावं म्हणूनच ना?"

सोनकी निघाली. नाचात होतं त्याच दिशेने, तितकंच उडाली आणि संध्याकाळी परतली ती पायांवर परागाचे गोळे घेऊन. ती नाचायला लागली, पण ओझ्याने तिची गिरकी जरा कलली.

"गिरकी चुकली!" आत्या कडाडली. पण परागाचा वास घमघमला आणि अख्खं पोळं नाच बघायला जमलं.

उजाडताच हजारो पंख डोंगरापलीकडे झेपावले. सगळ्यांत शेवटी आत्या पोचली. तिने फुलात डोकं खुपसलं आणि परागाने माखलेल्या तोंडाने ओरडली, "अगं बाई, हे खरंच होतं की!"