गुबगुबीत म

छपाईचे, शिशाच्या अक्षरांचे खिळे आपसांत बोलत असत, त्या काळातली गोष्ट. मच्छिंद्रशेठच्या छापखान्यात सडपातळ 'म'आईला काही केल्या झोप येईना. तिचा लेक गोलमटोल निघाला होता. कोर्टाच्या नोटिशीत त्याला कोण घेणार? तेराव्याच्या पत्रात तर नकोच. आणि बिनकामाचे खिळे शेठ वितळवायला पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. आपणच त्याला लहानपणी जास्त शिसं भरवलं का, असंही तिला वाटे.

अशात लग्नपत्रिकेचं काम आलं. खिळे जुळवणाऱ्या दत्तोबांनी आईला वर 'आमचे येथे'च्या रांगेत उभं केलं. अगदी खाली मुलांची ओळ होती, 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'. त्या ओळीसाठी त्यांनी चक्क गुबगुबीत खिळे काढले. पहिलाच नंबर लेकाचा.

"श्वास रोखून पोट आत घे रे राजा," आई कुजबुजली. "शेठ बघतायत."

त्यानं घेतलं. छाप निघाला, तर 'म'च्या जागी नुसता करडा डाग.

"हा वितळवायला टाका," शेठ म्हणाले.

"एकदा अजून दाबून बघतो की," दत्तोबा म्हणाले.

"सोड पोट, सोड," आई घाईघाईनं म्हणाली. "आहेस तसा उभा राहा."

दुसऱ्या छापात 'म' टम्म, काळाभोर, हसरा उमटला. शेठही हसले. "राहू दे हा. पोरं हीच ओळ वाचून लग्नाला यायचा हट्ट धरतील."

आईचा ऊर भरून आला. आता लेक काय म्हणतो, म्हणून तिनं कान टवकारले.

"आई," खालून आवाज आला, "तुमच्या ओळीत सगळे श्वास रोखून का उभे आहेत गं?"