सर्जेराव हाडवैद्य भाषण करतो

पिंपळटेक नावाच्या गावात सर्जेराव नावाचा एक भोळा हाडवैद्य राहत होता. भोळा म्हणजे अगदी शुद्ध, पाणी न घातलेला. त्याच्या बोटांना जन्मजात अक्कल होती. निखळलेला खांदा असो की लचकलेली मान, बोटं बरोबर जागेवर जायची आणि हाड मुकाट्याने आपल्या घरी परतायचं. पण ही अक्कल बोटांतून निघायची, कोपरापर्यंत यायची आणि तिथेच बसकण मारायची. डोक्यापर्यंत ती कधी पोचली नाही.

सांगितलेलं मात्र तो ऐकायचा. जसंच्या तसं ऐकायचा. आईने एकदा दुधावर नजर ठेवायला सांगितलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत त्याने नजर हलवली नव्हती.

असा माणूस परीक्षेत नापास होणं शक्यच नाही. चुलतभावाने त्याला न्यूझीलंडला बोलावून घेतलं आणि मणक्यांच्या कॉलेजात घातलं. पुस्तकात होतं तसंच सर्जेरावाने पेपरात लिहिलं, पानाच्या नंबरासकट. पास झाला. तिकडे अशा डॉक्टरला कायरोप्रॅक्टर म्हणतात. पिंपळटेकात तो शब्द कुणाला म्हणता येईना, म्हणून गावाने 'सर्जा लई मोठा झाला' एवढ्यावर भागवलं.

चुलतभाऊ दुधाचा टँकर चालवायचा. तो सदा रस्त्यावर, त्यामुळे या गोष्टीत नाही. त्याची बायको मृणाल हीसुद्धा मणक्यांची डॉक्टर. डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा गावात तिने दवाखाना थाटला होता, आणि सर्जेराव तिथेच कामाला लागला. तो तिला वहिनी म्हणायचा. वहिनी दिराला भावजी म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. पुढे जे जे झालं त्यातसुद्धा त्यांनी 'अहो' सोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

गावात माणसं थोडी आणि मेंढ्या फार. निम्मं गाव लोकर कातरणाऱ्यांचं. दिवसभर वाकून मेंढ्या भादरायच्या म्हटल्यावर पाठी दुखणारच. पण त्या दुखऱ्या पाठी वहिनींकडे येत नव्हत्या. पलीकडच्या गावात एक जुना दवाखाना होता, तिकडे जात होत्या. वहिनींनी जिवाचं रान करून हा दवाखाना उभा केला होता, आणि आता पेशंट वाढले नाहीत तर त्याला कुलूप लावायची पाळी आली होती.

पहिल्याच दिवशी वहिनींनी बजावलं, "भावजी, इथले लोक लाजाळू आहेत. दारातून माणूस आला की हसून आत घ्या, कोट काढून घ्या आणि टेबलावर पालथा झोपवा. बोलायला वाव देऊ नका, नाहीतर 'नंतर येतो' म्हणून पळतो."

"व्हय वहिनी."

दारातून माणूस आला. हातात पेटी होती. सर्जेराव हसला. कोट काढून घेतला. पालथा झोपवला. माणूस काहीतरी बोलायला लागला, पण सर्जेरावाने वाव दिला नाही. कडकड आवाज झाला. माणूस उठला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, डोळ्यांत पाणी आणून सर्जेरावाचे हात हातात घेतले आणि पेटी उचलून खुशीत घरी निघून गेला.

तो नळ दुरुस्त करणारा होता. नळ गळतच राहिला.

वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, आधी विचारायचं असतं. काय होतंय, कधीपासून होतंय, याआधी असं कधी झालं होतं का. सगळ्याची उत्तरं मिळाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"व्हय वहिनी. हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी हीटरवर वाळत घातलेल्या टॉवेलने पेट घेतला. वहिनींनी आतून हाक मारली. सर्जेराव धावत आला आणि दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

"काय होतंय, वहिनी?"

"अहो, टॉवेल जळतोय."

"कधीपासनं?"

"आत्ता. बघताय काय, विझवा."

"याआधी असं कधी झालं हुतं का?"

या प्रश्नाचं उत्तर वहिनींनी दिलं नाही. टॉवेलवरून आग पडद्यावर गेली होती आणि वहिनी पडद्यावर उशी आपटत होत्या. उत्तर मिळालं नाही म्हणून सर्जेरावाने हात लावला नाही. पडदा गेला, उशीही गेली.

काजळलेल्या तोंडाने वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, अशा वेळी चौकशी करायची नसते. धूर निघताना दिसला की बादली भरायची आणि ओतायची. मागेपुढे बघायचं नाही."

"मागंपुढं बघायचं न्हाई," सर्जेरावाने घोकलं.

त्याच आठवड्यात मिसेस टॅनर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. कंबर अशी धरलेली की चालताना फक्त जमीन दिसायची. वहिनींनी त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, पाठीवर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल टाकला आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या. टॉवेलमधून छान वाफा निघत होत्या. वाफ आणि धूर यांतला फरक सर्जेरावाला कुणी सांगितला नव्हता.

त्याने बादली भरली. मागेपुढे बघितलं नाही.

ज्यांना टेबलावर चढवायला दोघांचा आधार लागला होता, त्या मिसेस टॅनर टेबलावरून उडी मारून खाली आल्या आणि ताठ कंबरेने, समोर बघत, गाड्या लावायच्या जागेपर्यंत पळत गेल्या. बरं वाटलं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या थंडीने कुडकुडत होत्या आणि शाळेत कधी न वापरलेले शब्द वापरत होत्या.

"अहो भावजी," वहिनी शालीसाठी धावता धावता म्हणाल्या, "भिजून कुडकुडणारं कुणी दिसलं की त्याला आधी आत आणायचं, उबदार पांघरूण घालायचं, गरम चहा द्यायचा. कुडकुड थांबेपर्यंत सोडायचं नाही."

"व्हय वहिनी. सोडायचं न्हाई."

दोन दिवसांनी भुरभुर पाऊस होता. दवाखान्याच्या फाटकाशी एक शेतकरी ट्रक उभा करून समोरच्या दुकानात गेला. ट्रकमध्ये नुकत्याच भादरलेल्या मेंढ्या होत्या. अंगावर लोकर नाही, वरून पाऊस. त्या कुडकुडत होत्या.

वहिनी दुपारच्या पेशंटसाठी आल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत मेंढ्या बसल्या होत्या. सगळ्यांना पांघरुणं होती. सर्वांत म्हातारीला वहिनींची लग्नातली शाल होती. चहा बहुतेकींनी घेतला होता. एकीने नुसत्या बिस्किटांवर भागवलं होतं. दुपारचा पेशंट दारातूनच परत गेला होता, बसायला जागा नाही म्हणून.

वहिनींनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मेंढ्या उठल्या आणि शालीसकट बाहेर पडल्या.

"बघा," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "टाळ्या वाजल्या की निघून जायचं असतं, हे मेंढ्यांनासुद्धा कळतं. तुम्हाला कधी कळणार, भावजी?"

सर्जेरावाला हे फार लागलं. टाळ्या वाजल्या की निघून जायचं. मेंढ्यांना कळतं म्हणजे आपल्याला कळलंच पाहिजे. त्याने ते मनावर घेतलं.

आता वहिनींच्या हातात शेवटचा उपाय राहिला होता. त्यांनी दवाखान्याचा वर्धापनदिन ठरवला. मागच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या, चिवडा केला, आणि लोकर कातरणाऱ्यांच्या संघातल्या झाडून सगळ्यांना बोलावलं. संघाला आपल्या माणसांसाठी एक दवाखाना कायमचा ठरवायचा होता. पलीकडच्या गावचा, नाहीतर वहिनींचा. ठरवणार होत्या संघाच्या अध्यक्षा मिसेस हॉब्स. या बाईंची मान कित्येक वर्षांपासून डाव्या खांद्यावर कलली होती. त्या सगळ्या जगाकडे तिरकं बघायच्या आणि जगाला वाटायचं, बाईंना आपला संशय आहे.

वहिनींनी सर्जेरावाला कोट घालायला लावला आणि समजावलं, "भावजी, आज सगळं तुमच्यावर आहे. थोडं बोला. मग एकाची पाठ सर्वांसमोर बसवून दाखवा. एकाचीच. बाकीच्यांना ते बघून वाटलं पाहिजे की आपणही यांच्याकडे जावं. आज हे जमलं नाही तर दवाखाना बंद."

"जमतंय वहिनी. काळजी करू नका."

वहिनींनी त्याचं नाव पुकारलं. सर्जेराव पुढे आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सर्जेराव वळला आणि मागच्या दाराने निघून गेला.

वहिनींना तो फाटकाबाहेर सापडला. पावसात शांतपणे उभा होता.

"अहो, काय हे?"

"टाळ्या वाजल्या न्हवं. म्हटलं निघावं. मेंढ्यांपरीस का कमी हाय मी?"

वहिनींनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो भावजी, माणसांच्या टाळ्या वेगळ्या. माणसं टाळ्या वाजवतात म्हणजे त्यांना आणखी हवं असतं. टाळ्या वाजताहेत तोवर थांबायचं नाही. चला आता."

"थांबायचं न्हाई," सर्जेराव म्हणाला आणि आत गेला.

तो लोकांसमोर उभा राहिला आणि त्याच्या त्या पुस्तकी इंग्रजीत म्हणाला, "वहिनी म्हणाल्या, थोडं बोला. बोललो."

लोक हसले. मग त्याने पहिल्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाला टेबलावर घेतलं. कडकड. तो माणूस आत येताना सगळ्यांच्या खांद्याला लागत होता, उठला तेव्हा सगळ्यांहून उंच निघाला. खोलीभर टाळ्या झाल्या.

वहिनी आनंदाने पुढे आल्या. "धन्यवाद. ज्यांना तपासून घ्यायचं असेल त्यांनी उद्यापासून..."

पण सर्जेरावाने दुसऱ्याला टेबलावर घेतलं होतं. टाळ्या वाजल्या होत्या ना.

कडकड. टाळ्या. तिसरा. कडकड. टाळ्या. वहिनी मागून हातवारे करत होत्या, घसा खाकरत होत्या, दिवाही एकदा मालवून झाला. पण अंधारातही कडकड झाली आणि टाळ्या वाजल्या. लोक रांग लावून उभे राहिले. ज्यांचं झालं ते चिवडा खात टाळ्या वाजवत होते. रांग संपली तरी टाळ्या संपेनात, तेव्हा सर्जेरावाने त्यांना गावाकडच्या आपल्या हाडवैद्य वडिलांची एक युक्तीही शिकवली. दोघांनी पाठीला पाठ लावायची, कोपरात कोपर अडकवायचं, आणि एकाने दुसऱ्याला पाठीवर घेऊन हलकेच झुलवायचं. म्हणजे पुढेही कधी दुखलं तर घरच्या घरी काम. सगळा संघ एकमेकांना पाठीवर घेऊन झुलायला लागला.

शेवटी मिसेस हॉब्स टेबलावर बसल्या. सर्जेरावाने त्यांच्या मानेला दोन बोटं लावली. कडक. बाईंनी मान सरळ केली आणि वहिनींकडे पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी बघितलं. सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा झाल्या.

मिसेस हॉब्स उठल्या. "आम्ही दोन दवाखान्यांतून एक निवडायला आलो होतो," त्या म्हणाल्या. "आता कुठलाच नको. आमच्यात एकाचीही पाठ दुखत नाही, आणि दुखली तर युक्ती शिकलो आहोत. देव तुमचं भलं करो."

टाळ्या थांबल्या. सर्जेराव थांबला. लोक ताठ पाठीने, गाणी म्हणत बाहेर पडले.

वहिनी रिकाम्या खुर्च्यांमधल्या एका खुर्चीवर बसल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावण्याइतकं बळच उरलं नव्हतं. ते बघून सर्जेराव त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. वहिनींवर त्याची फार माया होती.

"चुकलं का माझं, वहिनी?"

"नाही हो भावजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचे हात सोन्याचे आहेत. पण आता दवाखाना चालवायचा कुणावर? निदान एक तरी पेशंट ठेवायचा होता हो."

सर्जेरावाने विचार केला. बरोबर होतं वहिनींचं. तो लगबगीने बाहेर गेला.

बाहेर गाड्या सुरू होत होत्या. मिसेस हॉब्स गाडीपाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने मान डोलवून दाखवत होत्या. थोड्याच वेळात वहिनींना खिडकीतून एक आवाज ऐकू आला. कडक. एकच.

मग दार उघडलं. सर्जेरावाने मिसेस हॉब्सना दंडाला धरून अलगद आत आणलं. त्यांची मान डाव्या खांद्यावर होती आणि त्या वहिनींकडे तिरकं बघत होत्या.

"ठेवला बघा एक," सर्जेराव म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "जसा हुता तसाच ठेवलाय, तसूभर फरक न्हाई. आणि दोन-चार ठेवू का, वहिनी? गाड्या अजून फाटकातच हाईत."